खासगीचा कारभार

आमच्या निमगाव केतकीत खऱ्या अर्थाने गुप्त अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जमिनीखालचे पाणी. ते कुठे आहे, किती आहे आणि आणखी किती दिवस पुरणार आहे, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. बाकी सर्व गोष्टी सर्वांना ठाऊक असतात. कुणाच्या पानमळ्यात यंदा काय निघाले, कुणाच्या पोरीला बघायला इंदापूरचे पाहुणे आले आणि पोहे खाऊन नुसतेच गेले, कुणाचा बांध रातोरात किती बोटे सरकला, कोण बारामतीच्या कुठल्या दवाखान्यात कशासाठी चकरा मारतो, ही सगळी माहिती चहाच्या टपरीवर फुकट मिळते. चहाचे पैसे तेवढे द्यावे लागतात.

अशा गावात वाढून, बी. कॉम. होऊन मी बँकेत चिकटलो, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्यापुढे एक छापील कागद आला. निष्ठा आणि गुप्तता यांची प्रतिज्ञा. बँकेचा आणि बँकेच्या गिऱ्हाइकांचा व्यवहार मी कुणाला सांगणार नाही, वगैरे. जगातल्या बहुतेक सह्या माणूस न वाचता करतो, पण ही मी वाचून केली. कारण त्या दिवशी मला दुसरे काही काम दिलेच नव्हते. संध्याकाळी घरी आलो तर ओसरीवर वडील, दोन चुलते आणि शेजारचे अण्णा बसलेले. अण्णांनी पहिला प्रश्न टाकला, "मग? थोरल्या वाड्याच्या खात्यावर किती हाय?"

मी म्हणालो, "अण्णा, ते सांगता येत नाही. शपथ घेतलीय."

अण्णा वडिलांकडे वळून हळहळले, "पोरगं अजून पर्मनंट झालं नसंल."

त्यांचाही दोष नव्हता. 'खासगी' हा शब्दच मुळात आपल्या ओसरीवरचा नव्हे. तो फारसीच्या वाटेने आला आणि आला तो थेट राजवाड्यात उतरला. खासगी म्हणजे धन्याच्या घरचा कारभार. पेशव्यांकडे तो सांभाळणाऱ्यांचे आडनावच खासगीवाले पडले. होळकरांकडे तर ह्या खासगीची मोठी मौज आहे. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने काही मुलूख वेगळा तोडून दिला आणि त्याला नाव पडले खासगी. दौलत नवऱ्याची, खासगी बायकोची. दोन वह्या, दोन हिशेब. पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट बांधले, देवळे उभारली, विहिरी खणल्या, त्याला हा खासगीचा पैसा उपयोगी पडला. आज ज्याला आपण ऐटीत प्रायव्हसी म्हणतो, तिचा आपल्या मुलखातला मला माहीत असलेला सर्वांत भक्कम दाखला हा असा आहे: बाईच्या हातातला, नवऱ्याने न विचारायचा पैसा.

सामान्य बायकांना बाजीरावांनी सनद दिलेली नव्हती. त्यांनी ती आपली आपणच घेतली आणि तूरडाळीच्या डब्यात तळाशी ठेवली. डब्याखेरीज गोधडीचे अस्तर, देवाच्या तसबिरीची मागची बाजू, उतरंडीतले खालून दुसरे मडके, अशाही शाखा होत्या; पण मुख्य कार्यालय डाळीचा डबा. नवऱ्याला डबा ठाऊक असे, रक्कम ठाऊक नसे. त्याने विचारायचे नाही आणि तिने सांगायचे नाही, हा करार कुठेही न लिहिता पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. मी वाचलेला कुठलाही डेटा संरक्षण कायदा इतका आटोपशीर नाही.

पुरुषांचा पैसा मात्र गावोगाव फिरायचा, त्याला डबा पुरणारा नव्हता. त्यासाठी हुंडी होती. कॉमर्सला आम्हाला १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट होता. परीक्षेपुरता वाचायचा असूनही त्याचे पहिले कलम माझ्या लक्षात राहिले, कारण तिथे इंग्रजाने चक्क हात टेकलेले आहेत: देशी भाषांतल्या अशा कागदांच्या ज्या स्थानिक रूढी असतील, त्यांना हा कायदा हात लावत नाही. लावणार कसा? सराफांचे डोके त्याच्या पलीकडचे होते. हुंडीत रक्कम नुसती लिहीत नसत. रुपये एक हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरे एक हजार, असे लिहीत. वाटेत कुणी एक शून्य चिकटवले तर निम्म्याचा हिशेब बोंब मारून उठे. हुंडी हरवली तर तिच्या बदली 'पेठ', पेठ हरवली तर 'परपेठ'. आज हेच संगणकवाले करतात, त्याला इंग्रजी नाव देतात आणि वातानुकूलित खोलीत बसून आमच्या तिप्पट पगार घेतात.

ह्या हुंड्यांत एक 'शहाजोग' हुंडी असे. म्हणजे तिचे पैसे वाटेल त्याला द्यायचे नाहीत, बाजारात पत असलेल्या 'शहा'लाच द्यायचे. म्हणजे सराफ कागदाबरोबर माणूसही वाचत होता. पुढे मराठीत शहाजोग म्हणजे सज्जनपणाचा आव आणणारा असा अर्थ झाला. बँकिंगच्या इतिहासात काय काय घडून गेले असेल, हे कळायला मला तरी हा एक शब्द पुरतो.

मग पोस्टकार्ड आले. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थान सरकारने पाव आण्यात, म्हणजे एका जुन्या पैशात, उघडे पत्र विकायला काढले. आपली खबर चारचौघांना दिसेल अशा रीतीने पाठवायची आणि वर त्याचे पैसेही आपणच भरायचे, ही कल्पना लोकांना इतकी पसंत पडली, की आज फेसबुकचे आश्चर्य वाटायचे मला कारण दिसत नाही. माझ्या लहानपणी कार्ड पंधरा पैशांना मिळे. ते आमच्या हाती पडेपर्यंत पोस्टमन, पोस्टमनला पाणी देणारे घर, आणि "बघू, कुणाचं हाय?" म्हणणारे दोघेतिघे, एवढ्यांचे वाचून झालेले असे. पुष्कळदा पोस्टमन कार्ड देता देताच सांगे, "आत्याबाई मंगळवारी येणार हायत. गाडी पाठवा म्हणत्यात." आम्ही कार्ड केवळ अक्षर बघण्यासाठी वाचत असू.

पण कोपरा फाडलेले कार्ड असले, म्हणजे कुणी गेल्याची खबर असली, की तोच पोस्टमन वेगळा होई. वाटेत कुणाला काही सांगत नसे. सायकल स्टँडला लावून पाणी मागे, घरात थोरले कोण आहे ते विचारी, थोरला रानात असेल तर थांबून राही आणि कार्ड त्याच्याच हातात देई. कार्ड गावाला वाचता येत होते. कधी वाचून दाखवायचे नाही, हे पोस्टमनला ठाऊक होते. टपाल खात्याच्या नियमांच्या पुस्तकात हे कलम मला कुणी दाखवलेले नाही.

हे आठवायचे कारण असे, की गुपित फुटते ते कुलपामुळे नव्हे, कुलूप सांभाळणाऱ्यामुळे, हे जगाच्या इतिहासातही दिसते. हॅकिंग म्हणजे काळा टोप घातलेला पोरगा अंधारात बसून टकटक करतो, असे सिनेमावाले दाखवतात. पण हा धंदा विजेच्याही आधीचा आहे. १८३४ साली फ्रान्समध्ये ब्लाँ नावाचे दोन भाऊ होते. त्या वेळी सरकारने टेकड्याटेकड्यांवर मनोरे उभारून, त्यांवरचे लाकडी हात हलवून पॅरिसहून निरोप पाठवायची सोय केली होती. ती सरकारी कामापुरतीच. ब्लाँबंधू बोर्दोच्या बाजारात रोख्यांचा व्यापार करीत. पॅरिसचा भाव टपालाने येई, त्याला काही दिवस लागत. दोघा भावांनी वाटेतल्या तूर शहरच्या मनोऱ्यावरील कारकुनाला पैसे चारले. तो सरकारी निरोपात मुद्दाम एक चुकीची खूण घुसडायचा आणि लगेच ती खोडल्याची खूण करायचा. सरकारला वाटे, कारकून धांदरट आहे. बोर्दोजवळच्या मनोऱ्याकडे नजर लावून बसलेल्या माणसाला त्या चुकीतून भाव कळे. दोन वर्षे हे बिनबोभाट चालले. पकडले गेले तेव्हा असल्या गुन्ह्याला कायदाच नाही म्हणून दोघे सुटले, आणि त्यांतल्या एका भावाने पुढे माँटे कार्लोचा जुगारवाडा नावारूपाला आणला. कारकुनाचे काय झाले, याची चौकशी इतिहासकारही फारशी करीत नाहीत. कारकुनाची कोण करतो?

आपले पुणेही ह्यात मागे नाही. एप्रिल २००५ मध्ये पुण्याच्या एम्फसिसच्या कॉल सेंटरमधले काही जण पकडले गेले. तिथे सिटीबँकेच्या अमेरिकन गिऱ्हाइकांचे फोन येत. ह्या पोरांनी गोड बोलून चारपाच गिऱ्हाइकांचे गुप्त आकडे काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खोट्या खात्यांवर वळवले. कंपनीत बंदोबस्त कडक होता. जातायेता झडती व्हायची, म्हणून आकडे लिहून बाहेर नेणे शक्य नव्हते. पोरांनी ते पाठ केले. बाहेर पडून सायबर कॅफे गाठेपर्यंत तोंडात घोळवत नेले असतील. ज्या मुलखात पावकी, निमकी, दिडकी छडीच्या धाकाने म्हणून घेतली, त्या मुलखात अमेरिकेने आपले आकडे पाठवावे आणि कागद-पेन्सिलीवर पहारा बसवावा, हे धाडसच म्हणायचे.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडची स्थिती सांगून टाकतो. संगणक तुमची ओळख पटवण्यासाठी गुप्त प्रश्न विचारतो. तुमच्या पहिल्या शाळेचे नाव काय? आमच्या वस्तीवरच्या सगळ्यांचे उत्तर एकच, कारण शाळाच एक. तुमच्या आईचे माहेरचे आडनाव काय? हे ज्याला ठाऊक नाही तो आमच्या गावचा नव्हेच. तुमची जन्मतारीख? इथे तर आनंदच आहे. शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख आठवत नसे, गुरुजींना थांबायला वेळ नसे, म्हणून गुरुजी १ जून टाकून मोकळे होत. उभ्या महाराष्ट्रातल्या अर्ध्याअधिक थोरांचा जन्म कागदोपत्री १ जूनला झालेला आहे. त्यांनी ती तारीख एटीएमच्या पिनला वापरली, म्हणजे एकाच किल्लीने निम्मा तालुका उघडावा. जे उरले त्यांनी मोटरसायकलचा नंबर ठेवला, आणि तो मागेपुढे मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला.

व्हॉट्सॲपने उरलेसुरले काम केले. पूर्वी गावाला जाताना माणूस शेजाऱ्याच्या कानात सांगे, "चार दिवस नाही, लक्ष ठेवा." आता तो स्टेटसला फोटो लावतो: सहकुटुंब तिरुपती, मुक्काम तीन दिवस. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी आमच्या निमगावात मुक्कामाला असते. त्या रात्री घराघरात अनोळखी वारकरी झोपतात, दारे सताड उघडी, आणि आजवर आमच्या घरातून साधी वाटी हललेली नाही. ह्याच गावात एरवी, 'तुमचे वीजबिल थकले आहे, आज रात्री कनेक्शन तोडू' असा एक मेसेज आला, की चांगला शिकलासवरलेला माणूस दोन मिनिटांत आलेला आकडा अनोळखी आवाजाला वाचून दाखवतो आणि तिसऱ्या मिनिटाला माझ्या काउंटरवर धापा टाकीत येतो. मी त्याला आधी १९३० हा नंबर लावायला सांगतो, मग पाणी देतो. क्रम उलटा करून चालत नाही. पैसे पाण्यापेक्षा वेगाने वाहतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. ११ ऑगस्ट २०१८. बँकवाल्याला तारखेच्या आधी वार आठवतो: तो दुसरा शनिवार होता. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या नि चौथ्या शनिवारी देशभरच्या बँका बंद असतात, हे दरोडेखोरांनी नीट वाचले असावे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर, १९०६ साली स्थापन झालेल्या बँकेवर, त्या दिवशी जो दरोडा पडला त्यात ना कुणी भिंत फोडली, ना कुणाला बांधून घातले. शटर जसेच्या तसे बंद होते.

आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा त्या यंत्राला स्वतःची काही अक्कल नसते. ते स्विच नावाच्या एका मध्यस्थाला विचारते, "अमुक कार्ड आले आहे, दहा हजार मागते आहे, देऊ का?" स्विच हा प्रश्न बँकेच्या मुख्य खतावणीकडे नेतो. खतावणी शिल्लक बघते, होय किंवा नाही म्हणते, तेच उत्तर यंत्राला कळते. चोरांनी खतावणीला हात लावला नाही. त्यांनी मधल्यामध्ये आपला एक नकली स्विच उभा केला. हा स्विच खतावणीला काही विचारतच नव्हता. नकली कार्डाने कितीही मागितले तरी हा आपला म्हणे, "होय, द्या."

काही तासांत २८ देशांतल्या एटीएमवर सुमारे १२,००० वेळा त्याने होय म्हटले आणि ७८ कोटी रुपये गेले. देशात २,८४९ वेळा म्हटले, आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यावर रवाना झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. कारकुनी सवयीने मी बेरीज दोनदा करून पाहिली, जमते. मग दुसरा हिशेब केला. आमच्या शाखेत दिवसाकाठी दीडशे विड्रॉल धरले, तर १४,८४९ व्यवहारांना नव्व्याण्णव दिवस लागतील, तेही सुट्ट्या सोडून, आणि प्रिंटरने साथ दिली तर.

गंमत अशी की अमेरिकेच्या एफबीआयने आदल्याच दिवशी, शुक्रवारी, बँकांना गुप्त इशारा दिला होता, की एटीएममधून पैसे उपसण्याचा मोठा जागतिक डाव शिजतो आहे. पुढे दुसरा शनिवार असताना शुक्रवारी आलेल्या कागदाचे कुठल्याही बँकेत काय होते, हे मी सांगितले असते. पण गुप्ततेची शपथ आड येते.

त्या आठवड्यात मी पेपर पुन्हापुन्हा वाचला, आणि मला दरोडेखोरांपेक्षा त्या नकली स्विचचे नवल वाटत राहिले. मी वीस वर्षे काउंटरवर आहे. 'होय' हा शब्द मी इतक्या सहजासहजी कधी उच्चारलेला नाही. सही जुळत नाही. पासबुक आणले का? ही नोट फाटकी आहे. साहेब जेवायला गेलेत. उद्या या. ह्या वाक्यांपायी आमच्या जमातीवर विनोद झाले, चित्रे निघाली, लग्नाच्या पंगतीत लोकांनी मुद्दाम आमच्याच पानात मठ्ठा वाढायचा टाळला. पण विचार करा, त्या शनिवारी त्या नकली स्विचच्या जागी आमच्या शाखेतला, निवृत्तीला दोन वर्षे उरलेला, पोटात आम्लपित्त असलेला एखादा कारकून बसलेला असता, तर? तिसऱ्याच कार्डाला त्याने चष्म्यावरून पाहिले असते. "कॅनडात? आत्ता? बरं, कामासाठी काढताय की सहज?" एवढ्यात चार वाजले असते.

पुढे पुणे पोलिसांनी जंग जंग पछाडले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा ठोठावली. पण ज्यांनी तो स्विच रचला ते त्या पिंजऱ्यात नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या मंडळाने २०१९ च्या अहवालात ह्या चोरीचे बोट उत्तर कोरियाकडे दाखवले. आमच्या टपरीवर ह्यावर बराच खल झाला. कोरिया कुठे, पुणे कुठे! एक तात्या म्हणाले, "एवढ्या लांबनं येऊन चोरी करायची म्हणजे तिकडं दुष्काळ असणार." अगदीच चूक नव्हते. आणि योगायोग पहा, त्या शनिवारला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, ११ ऑगस्ट २०२३ ला, राष्ट्रपतींनी नव्या डेटा संरक्षण कायद्यावर सही केली. त्याआधी, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलेलेच होते, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. नऊ माणसांचे एकमत झालेले मी आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतही पाहिलेले नाही.

दरोड्यात कोरियाचे नाव आल्याची बातमी आली त्या मंगळवारी आमच्या शाखेत गर्दी उसळली. आमची बँक वेगळी, पण भीती सगळ्या बँकांची एकच. लोक पासबुक छापून घेऊन आकड्यावर बोट ठेवून बघत होते, जणू कोरियाने तो पुसला असेल. त्या गर्दीत एक आजी होत्या. नाव सांगत नाही, आळीही सांगत नाही. पानमळ्यात पाने खुडायला जातात, एवढे चालेल. अशा बायका पुष्कळ आहेत. त्या काउंटरशी आल्या, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "सायेब, त्यो कोरियाचा माणूस आपल्या म्हशीनीत शिरला तर त्येला माझं पैकं दिसत्याल का?"

मी म्हणालो, "आजी, तुमच्या पैशाला काही होत नाही."

"पैक्याचं न्हाई वं. दिसत्याल का? आन्‌ दिसलं तर त्यो माझ्या लेकाला सांगंल का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. २८ देश, ९४ कोटी, संयुक्त राष्ट्रे, सगळे माझ्या डोक्यात नाचत होते, आणि ह्या बाईला चोराची भीतीच नव्हती. त्याने पैसे नेले तर नेले, घरी चुगली करू नये.

आजींचा अनुभव त्यांना हे बोलायला लावत होता. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा गावोगावच्या डाळीच्या डब्यांची झाकणे एका रात्रीत उघडली. डिसेंबरअखेरपर्यंत आमच्या काउंटरवर ज्या नोटा आल्या त्यांना नाणेटंचाईचा नव्हे, तुरीचा, हळदीचा, नॅप्थॅलिनच्या गोळ्यांचा वास होता. बायका पदराआडून पुडकी काढत आणि नवरा मागे उभा नाही ना ते बघत. ह्या आजींचे छत्तीस हजार पाचशे निघाले. खाते उघडले. अर्जात मोबाइल नंबरचा रकाना होता. घरात फोन एकच, लेकाचा. तोच लिहिला गेला. आणि संध्याकाळी लेकाच्या खिशात टुण्‌ झाले: आपल्या खात्यात रुपये ३६,५०० जमा.

चाळीस वर्षे डब्याने जे सांगितले नाही ते संगणकाने चाळीस सेकंदांत सांगितले. वर आदबीने 'प्रिय ग्राहक' म्हणून सांगितले. लेक वाईट नाही. पण ठिबकचा हप्ता होता, बोअरला पुन्हा पाणी लागले नव्हते, घरात एवढे पैसे आहेत म्हटल्यावर कुठला शेतकरी सावकाराकडे जाईल? वर्षात सगळे गेले. ते आजींनी नातीसाठी ठेवलेले होते. नातीला बारावीनंतर बारामतीला ठेवून नर्सिंगला घालायचे, आणि घरात बोलणे चालले होते स्थळाचे. आजींच्या हिशेबाने फी भरली की मग सांगायचे. आधी सांगितले तर फी राहणार नव्हती.

त्या मंगळवारी आजींनी कोरियाची चौकशी एवढ्यासाठी केली, की खात्यावर पुन्हा साडेचार हजार जमले होते. खुडणीची मजुरी, वीसपन्नासाने. भरताना त्या स्वतः येत, पण प्रत्येक भरण्याचा निरोप लेकाला जात होता, हे त्यांना नुकतेच उमगले होते.

"मेसेज बंद करा," त्या म्हणाल्या.

मेसेज बंद करणे शहाणपणाचे नव्हते. २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाने, खात्यातून कुणी परस्पर पैसे काढले आणि आपली चूक नसताना तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर गिऱ्हाइकाला झळ लागत नाही. पण ते कळायला मेसेज तर यायला हवा. म्हणजे कोरियापासून सुटका हवी तर लेकाला कळू द्या, आणि लेकापासून हवी तर कोरियावर भरवसा ठेवा, असा पेच होता. मी अर्ज पुढे केला आणि म्हणालो, "आजी, मेसेज राहू द्या. नंबर तुमचा द्या."

"माझा कुठनं आनू?"

पंधरा दिवसांनी आणला. इंदापूरच्या आठवडी बाजाराहून येताना बाराशे रुपयांचा, बटणांचा फोन. आधार कार्ड, अंगठा, अर्ज. साहेब जेवायला गेलेले नव्हते, तरी मी तो अर्ज त्यांच्या पुढ्यात स्वतः नेऊन सही घेतली. नातीने मेसेज वाचायचे आणि आजीच्या कानात सांगायचे, असे ठरले. फोन ठेवायचा कुठे, हे मी विचारले नाही.

बऱ्याच महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. काउंटरवर गर्दी नाहीशी पाहून त्यांनी पिशवीतून फोन काढला. बटणांच्या फटींत तूरडाळीचे दोन दाणे अडकलेले होते.

"परवा रातीला जेवनं चालली व्हती," त्या म्हणाल्या. "लेक, सून, समदी. आन्‌ डबा वाजला. टुण्‌. लेक म्हनला, आई, काय वाजलं? म्हनलं, उंदीर असंल."

तिमाहीचे व्याज जमा झाले होते. संगणक रात्री फावल्या वेळात ते टाकतो. रक्कम बेचाळीस रुपये.

"मग?"

"मग काय? दुसऱ्या दिशी मांजर आनलं त्येनं. आता ती डब्यापाशीच बसून ऱ्हाती." फोन त्यांनी काचेखालून माझ्याकडे सरकवला. "ह्येचा आवाज तेवडा बंद करून द्या."

हे बँकेच्या कामात बसत नाही. मागे रांगेत उभे असलेले एक गृहस्थ घड्याळ बघून मोठ्याने उसासे टाकू लागले होते. मी त्यांना दोन मिनिटे थांबायला सांगितले आणि डाळीचे दाणे काढून फोनचा आवाज बंद करून दिला.